वीसपैकी एकोणीस

केळुसकर बाईंना परदेशात पदक मिळालं, त्या दिवशी नगरपालिकेनं चौकात पडदा लावून अख्ख्या कोळशिंग्याला ते दाखवलं. बाई इंग्रजीत बोलत व्हत्या आन् खाली मराठीत लिहून येत व्हतं: 'माणूस दुसऱ्यांबद्दल काय समजतो, त्यावर तो कसा वागतो हे ठरतं.' पालिकेच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी चौथी शिकलेला माणूस, पण ते वाक्य मला तिथल्या कुणापेक्षाही जास्त समजलं. त्या वाक्याखाली आमची गल्ली गाडलेली हाय.

मी तायाप्पा वायदंडे. लोक मास्तर म्हणतात, ते शाळेचा न्हवं, बँडचा. अकरा माणसांचा बँड, मी क्लॅरनेट वाजवतो. लग्न, वरात, गणपती सगळेच करतात. आमचं खास काम वेगळं व्हतं. मार्च आला की पालिकेच्या वसुली खात्याचं बोलावणं यायचं. ज्यानं घरपट्टी थकवली त्याच्या दारात जाऊन वाजवायचं. हसू नका. कारकून शिक्क्याची चिठ्ठी द्यायचा, तिच्यावर नाव आन् घर नंबर. चिठ्ठी असल्याबिगर कुणाच्या दारात उभं राहायचं न्हाई, हा माझ्या बापानं घातलेला नेम. दारात गेलं की लग्नातलीच गाणी वाजवायची. दहा मिनिटांत शेजारपाजारच्या खिडक्या उघडायच्या आन् अर्ध्या तासात माणूस पैसे घेऊन पालिकेत. तीस वरसं मी हे केलं. गावातलं कुठलं दार मार्चमधे बंद असतं, हे मला झोपेत विचारा.

दोन हजार चाळीस साली कायदा आला. थकबाकीदाराचं नाव बाहेर सांगायचं न्हाई, ज्याची त्याची इभ्रत. चांगलाच कायदा हो. पण बँड बसला, आन् वसुलीबी बसली. मग पुढच्या साली या बाई आल्या. डॉक्टर नंदिता केळुसकर. औषधाच्या डॉक्टर न्हवं, माणसं पैशाच्या बाबतीत येड्यासारखी का वागतात, त्याच्या डॉक्टर.

पहिल्याच भेटीत विचारलं, "मास्तर, तुम्ही वाजवलं की माणूस पैसे का भरायचा?"

"लाजंनं."

"कुणाच्या?"

"शेजाऱ्यांच्या. दुसऱ्या कुणाच्या?"

"आणि त्या शेजाऱ्यांनी स्वतः भरलेली असायची?"

मी हसलो. "निम्म्यांनीबी न्हाई."

"पण त्या माणसाला वाटायचं, सगळ्यांनी भरलीय आणि मी एकटाच राहिलोय. म्हणजे तुम्ही लाज नाही वाजवत, मास्तर. तुम्ही समजूत वाजवता."

आन् बाईंनी ते त्यांच्या काचेच्या वहीत, म्हंजे टॅबमधे, लिहून घेतलं. माझ्या बोलण्याला कुणी वहीत जागा दिली ती पहिल्यांदा. मला बाई आवडल्या, खोटं कशाला बोलू. आमच्या घरी जेवल्यात, ठेचा खाऊन नाक पुसलंय. माझी बायको छाया त्यांना पोरीसारखं वाढायची.

त्यांनी मला समजावलं ते असं. माणूस दंडाला भिऊन कर भरत न्हाई. दंड होण्याची शक्यता एवढी बारीक असती की नुसता हिशोब करणारा कधीच भरणार न्हाई. तो बाकीच्यांकडं बघतो. पण बाकीचे काय करतात ते दिसत तर न्हाई, म्हणून मनात एक आकडा धरतो, आन् तो आकडाच त्याला चालवतो. दहात तिघंच भरतात असं वाटलं की म्हणतो, मीच कशाला येडा? दहाच्या दहा भरतात असं वाटलं की म्हणतो, मग माझ्या एकट्यावाचून काय अडतंय? या दोन्हीच्या मधे कुठंतरी एक आकडा असा असतो की हात आपोआप खिशात जातो. तो आकडा हुडकायचा, आन् त्याला तोच सांगायचा.

हुडकायला त्यांनी पाटी आणली व्हती. तळहाताएवढी, काळी, दाराच्या चौकटीला लावायची. दर रविवारी सकाळी ती विचारायची, "तुमच्या गल्लीत वीसपैकी किती घरांनी घरपट्टी भरली असेल?" उत्तर दिलं की पाणीपट्टीत थोडी सूट. माणूस काय उत्तर देतो याला पाटी फार किंमत द्यायची न्हाई. बोलायच्या आधी तो किती थांबला, आवाज कुठं जड झाला, ते ऐकायची. चार रविवारांत तिला कळायचं तुमच्या मनात खरा आकडा काय हाय, आन् कुठला आकडा दाखवला की तुम्ही हलाल. शेजारी एकमेकांशी ताडून बघणार, म्हणून अख्ख्या गल्लीला एकच आकडा.

पाट्या कुणी बसवल्या? मीच. माझ्याकडं बघून लोकांनी दारं उघडली, फोनवर अंगठे टेकवले. अंगठा कशाला, ते कुणी वाचलं न्हाई. मीबी न्हाई.

पाचव्या रविवारी आमच्या तांबट गल्लीच्या वीसही पाट्यांवर आकडा उमटला: 'आमचा अंदाज, तुमच्या गल्लीत २० पैकी १९ घरांनी घरपट्टी भरली आहे.'

वाचलं आन् मी दार लावून घेतलं. कारण तो राहिलेला एक म्हंजे मीच व्हतो. बँड बसल्यापासून दोन वरसं मी भरलीच न्हवती. दुसऱ्याच्या दारात वाजवणारा तायाप्पा मास्तर स्वतः थकबाकीदार! छाया म्हणाली, "अवं, भरून टाका, कर्ज काढा." मी म्हटलं, "मार्चपर्यंत बघू." थांबलो. तिथंच चुकलं माझं.

त्यात पालिकेनं फर्मान काढलं, ज्या गल्लीची वीसच्या वीस घरं भरतील तिला 'आदर्श गल्ली' म्हणून दोन वेळ पाणी. झालं! पुढच्या रविवारपासून गल्लीत एकच चर्चा. एकामुळं आपलं पाणी अडलंय. कोण हाय तो?

आता इंदूवैनीचं सांगतो. आमच्या गल्लीच्या तोंडाला पिठाची गिरणी हाय, ती तिची. तिचा नवरा सोपान आमच्या बँडात मोठा ढोल वाजवायचा, माझा जिवाचा दोस्त. तो गेला त्याला नऊ वरसं झाली. वैनीनं एकटीनं गिरणी चालवली, पोरीचं लग्न करून दिलं. लोक दळणाचा डबा तिथं ठेवून निघून जायचे, संध्याकाळी पीठ न्यायचे. वजन कुणी केलं न्हाई. वैनीच्या हातून चिमूटभर पीठ इकडंतिकडं व्हणार न्हाई, हे गल्लीला ठावं व्हतं.

तर गिरणीच्या दारावरची पाटी पिठानं बुजायची. पट्ट्याच्या आवाजात तिला ऐकूबी यायचं न्हाई. वैनीनं तिच्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकला. एवढंच. आन् अंकुश तोडकरनं ते बघितलं.

अंकुशची दुधाची डेअरी हाय. गल्लीत मोठ्यानं बोलायचा मक्ता त्याच्याकडं. भर चौकात म्हणाला, "समद्यांच्या पाट्या उघड्या, हिचीच झाकलेली का? ज्याच्या मनात पाप, तो देवावर पडदा टाकतो."

"अरे, पीठ उडतं म्हणून झाकली असंल," मी म्हटलं.

"मग तू का घाबरतोस, मास्तर?"

मी गप झालो. मला वाटलं, याला माझ्यावर संशय आला. माणूस एवढ्यानं गप बसतो बघा.

चार बायका वैनीकडं गेल्या, म्हणाल्या पावती दाखवा. वैनी म्हणाली, "तीस वरसं तुमचं दळण दळलं, तुम्ही कवा वजन केलंत? आन् आज माझी पावती बघायचीय? न्हाई दाखवणार जा." तिचं खरं व्हतं. पण गल्लीनं त्याचा उलटा अर्थ काढला. डबे कमी व्हायला लागले. लोक दोन किलोमीटर चालत पंपाकडच्या गिरणीला जायला लागले, पण वैनीकडं न्हाई. एकानं तिच्या तोंडावर सांगितलं, "चोराघरचं पीठ बाधतं."

फेब्रुवारीत गल्लीनं वर्गणी काढली आन् अंकुश माझ्या दारात आला. "मास्तर, बँड लाव. तिच्या दारात."

"चिठ्ठी कुठाय?"

"कायद्यानं चिठ्ठी बंद झाली. गल्ली सांगते तीच चिठ्ठी."

छाया आतून म्हणाली, "तुमी जाऊ नका. काय ते तुमाला ठावं हाय." मला ठावं व्हतं. वैनी तो एक न्हाई हे आख्ख्या जगात फक्त मलाच ठावं हाय, असं मला वाटत व्हतं. पण न्हाई म्हटलं तर सगळे विचारणार, का न्हाई म्हणतोस? आन् मग माझं दार.

गेलो. संध्याकाळी पाच वाजता, दळणाच्या ऐन वेळंला. वाजवायला सुरुवात केली. वैनी बाहेर आली, केसांवर पीठ, पदराला हात पुसत. माझ्यासमोर उभी राहिली.

"भावजी, चिठ्ठी दाखवा."

मी क्लॅरनेट तोंडातून काढलं न्हाई. काढलं असतं तर बोलावं लागलं असतं.

"न्हाई ना? मग वाजवा. मी हाय हितंच."

आन् ती उभी राहिली. वीस मिनिटं. तिच्या नवऱ्याच्या जागी दुसऱ्याच पोऱ्यानं ढोल बडवला, ती त्याच्याकडंबी बघत राहिली. बँडातले एकेक करून वाजवायचे थांबले, शेवटी मी एकटाच फुंकत व्हतो. डेअरीच्या पायरीवर केळुसकर बाई उभ्या व्हत्या, हातात ती काचेची वही. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय.

त्यानंतर गिरणी बंदच पडली म्हणायची. वैनीनं भोसरीला दिलेल्या पोरीला फोन केला, तिच्याकडं जायचं ठरवलं, गिरणीचं यंत्र विकायला काढलं. पाडवा झाला की टेंपो येणार व्हता.

पाडव्याला चार दिवस असताना बाईंनी मला पालिकेच्या त्यांच्या खोलीत बोलावलं. पदक जाहीर झालं व्हतं. पेढा दिला. आन् खुशीत भिंतीवर नकाशा लावून दाखवला. आख्खं कोळशिंगं चौकोनाचौकोनांत, हिरवे आन् लाल. "बघा मास्तर, आपण दोघांनी मिळून केलंय हे! तुमच्या गल्लीत आधी सात घरं भरायची. आता बारा. वर्षाअखेर वीस होतील."

नकाशावर नावं न्हवती, नुसते चौकोन. ह्याला काय कळणार, असं त्यांना वाटलं असंल. पण ज्या दारात मी तीस वरसं उभा राहिलो ती दारं मला चौकोनात वळखू येणार न्हाईत व्हय? गल्लीच्या तोंडाचा चौकोन हिरवा. खाली तारीख: पहिला एप्रिल. वर्ष सुरू झालं त्याच दिवशी वैनीनं भरली व्हती. आन् लाल मोजले. आठ.

"बाई, बारा हिरवे. मग पाटी एकोणीस का दाखवती?"

"तो अंदाज आहे, मास्तर. पाटीवर तसं लिहिलंय. तुमच्या गल्लीला हलवणारा आकडा एकोणीस निघाला. एक बाकी ठेवायचा. एक बाकी असला की भरलेल्या माणसाला स्वतःचा अभिमान वाटतो, आणि न भरलेल्याला वाटतं, आपण एकटेच. दोघंही भरतात."

"म्हंजे त्या आठ जणांना..."

"प्रत्येकाला वाटतं तो एक मीच."

मी हातातला पेढा खाली ठेवला. "तुम्हाला ठावं व्हतं मी भरली न्हाई."

"घर क्रमांक अकरा. हो."

"मग मी वैनीच्या दारात वाजवत व्हतो तवा तुम्ही पायरीवर उभ्या व्हता! तुम्हाला ठावं व्हतं तिनं भरलीय आन् वाजवणाऱ्यानं न्हाई!"

"मी निरीक्षक होते. मधे पडले असते तर अख्खा प्रयोग बिघडला असता."

"ती बाई गाव सोडून चाललीय."

त्यांचा चेहरा उतरला. मला तो खोटा वाटला न्हाई, म्हणून जास्त राग आला. म्हणाल्या, "मी पदक घेऊन येते, मग तिच्याशी बोलते. मास्तर, आत्ता काही बोलू नका. पाटी खोटं सांगते असं एकदा कळलं की लोकांचा कशावरच विश्वास राहणार नाही. वसुली कोसळेल. या पैशावर दवाखान्यात रक्त धुवायची चार मशिनं आलीत. ती बंद पडली तर कुणाची माणसं जातील?"

"आन् वैनी कुणाचं माणूस हाय? तुमच्या या काचेत तिचा आकडा कुठाय? वीस मिनिटं उभी व्हती, ते कुठल्या खान्यात भरलंत?"

"तो... आमच्या मोजमापात नव्हता."

मी उठलो. दारातून म्हणालो, "बाई, माझ्या बापाला अंगठासुद्धा नीट उठवता येत न्हवता, पण चिठ्ठीबिगर कुणाच्या दारात उभं राहू नये एवढं त्याला कळत व्हतं. तुमाला एवढं शिकून न्हाई कळलं."

तडक अंकुशकडं गेलो. तो दुधाचे कॅन धूत व्हता.

"अंकुश, तू घरपट्टी भरली न्हाईस."

"कोण म्हणतं? तोंड सांभाळ, मास्तर! पुरावा काय?"

"पुरावा न्हाई. मीबी भरली न्हाई."

हातातला कॅन त्यानं खाली सोडला. पाणी माझ्या पायावर आलं. दगडावर बसला आन् बारीक आवाजात म्हणाला, "तू बी? आयला... मला वाटलं मी एकटाच."

मग उरलेली सहा दारं. एका घरात आधी शिव्या मिळाल्या, एकात चहा, पण शेवटी सगळीकडं तेच वाक्य. मला वाटलं मी एकटाच. शाळेतला शिपाई असलेला आमचा परशा तर रडायलाच लागला, चार महिने त्याला नीट जेवण गेलं न्हवतं. म्हटलं रडू नको, उद्या सकाळी वैनीकडं चल.

सकाळी आम्ही आठ जण गिरणीपुढं उभे राहिलो. टेंपो ठरल्याआधीच आला व्हता, भांडी चढत व्हती. गल्ली जमा झाली. मी सगळं सांगितलं. पाटी, नकाशा, बाराचा आकडा, आमची आठ नावं, माझं पहिलं. मग भरलेल्या अकरा घरांतली एकेक बाई पुढं येऊन वैनीचा हात धरायला लागली. आम्हाला वाईट वाटतंय, आम्ही फसलो, त्या पाटीनं फसवलं.

अंकुशनं लगेच संधी साधली. "व्हय वैनी, समदेच फसलो आपण. त्या बाईनं अख्ख्या गल्लीला येडं बनवलं."

वैनी त्याच्याकडं वळली. एवढे दिवस तिनं आवाज चढवला न्हवता, आता चढवला.

"समदे न्हाई, अंकुश. पाटीनं सांगितलं एक घर राहिलंय. ते घर माझं हाय, असं पाटी कवा बोलली? ते तुम्ही ठरवलंत. आन् हे भरलेले अकरा जण, यांना खरंच ठावं न्हवतं कोण हाय ते. हे फसले. तुम्ही आठ जणांना ठावं व्हतं. प्रत्येकाला पुरतं ठावं व्हतं की ती मी न्हवं. आठ जणांत एकाच्या तोंडातून एक शब्द आला न्हाई. उलट तुमचाच आवाज मोठा." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् तुमचं तर वाद्यबी."

तिनं टेंपोवाल्याला हाक मारली. "उतरव भांडी. मी कुठं जात न्हाई. मी कशाला जाऊ?" मग गल्लीकडं बघून म्हणाली, "अकरा घरांनी आपले डबे आणा. या आठ घरांचं दळण मी घेणार न्हाई."

आन् ती आत गेली. थोड्या वेळानं पट्टा फिरल्याचा आवाज आला.

पुढचं थोडक्यात सांगतो. खबर गावभर झाली, लोकांनी पाट्या उपटून नाल्यात टाकल्या. वसुली खरंच पडली. दवाखान्यातली दोन मशिनं बंद हायत, आन् त्यापायी मला रस्त्यात शिव्या देणारी माणसं हायत. त्यांच्या घरात आजारी माणूस हाय, ती देणारच. मी ऐकून घेतो. बाईंचं तेवढं खरं निघालं, ते मला खातं. पण खोट्या आकड्यावर उभं केलेलं कधीतरी पडणारच व्हतं, आन् ते पडताना कुणाच्या अंगावर पडंल याचा विचार ज्यांनी करायचा, त्यांनी केला न्हाई. पदक देणाऱ्यांनी चौकशी केली म्हणे. निकाल दिला की पाटीवर 'अंदाज' असं लिहिलं व्हतं आन् सगळ्यांचे अंगठे घेतले व्हते, तवा कायबी गैर न्हाई. अंगठे मीच घेतले व्हते.

गेल्या महिन्यात बाई परत आल्या. वैनीकडं गेल्या, तिनं पाणी दिलं, बोलली न्हाई. मग माझ्याकडं आल्या. नवा अभ्यास हाय म्हणाल्या, विश्वास मोडल्यावर माणसं पुन्हा कशी बांधतात त्याचा. "मास्तर, एक ते दहामधे सांगा, शेजाऱ्यांवर तुमचा आता किती विश्वास आहे?"

मी म्हटलं, "बाई, वही मिटा. ठेचा हाय, भाकरी हाय, जेवायचं तर जेवा. न्हाईतर चालू लागा." त्या बराच वेळ ओट्यावर बसल्या. जेवल्या न्हाईत.

मी घरपट्टी भरली, दोन्ही वरसांची, क्लॅरनेट विकून. त्याचं मोठंपण सांगत न्हाई, भरायचीच व्हती. छाया पंपाकडच्या गिरणीला जायला तयार न्हाई, म्हणते तुमचं तुम्ही निस्तरा. म्हणून दर आठवड्याला डबा खांद्यावर टाकून मीच गल्लीच्या तोंडावरून जातो. लोक बघतात. बघू देत.

काल गिरणीच्या दारात थांबलो. वैनी चाळणीतून पीठ काढत व्हती. मी डबा खाली ठेवला. कायबी बोललो न्हाई.

तिनं मान वर न करता म्हटलं, "अजून न्हाई, भावजी."

मी डबा उचलला आन् पंपाची वाट धरली.